होंडा-निसानची बातमी आणि चार रकान्यांची वही

24 डिसेंबर 2024. सकाळी दूध घेऊन परत येत होते, तर तळमजल्यावरचे काका पार्किंगमध्येच आडवे आले. हातात मोबाइल, चष्मा कपाळावर.

"ताई, तुम्ही कंपनी लाइनमधल्या. या आठवड्यात निसानची मॅग्नाइट बुक करायचीय, आणि पोरगा म्हणतो निसान होंडाने घेतली. आता काय करू? घेऊ का थांबू?"

मी म्हटलं, "घेतली नाही अजून. बोलतायत."

"तेच ते हो."

तेच ते नव्हतं, पण दुधाची पिशवी हातात धरून ते पटवता येईना. तोवर वॉचमन, गाड्या धुणारा आणि तिसऱ्या मजल्यावरचा आयटीतला मुलगा असे तिघे जमले. चौघांनी मिळून पाच मतं दिली. काका होते त्यापेक्षा जास्त गोंधळून घरात गेले.

मी भोसरीतल्या एका प्रेस-पार्टच्या, म्हणजे पत्रा दाबून गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या, वर्कशॉपमध्ये सत्तावीस वर्षं डिस्पॅच आणि बिलिंग बघितलं. इंजिनिअर नाही, आणि शेअरबाजारातलं मला डिव्हिडंडच्या पलीकडे फारसं कळत नाही. पण मोठ्या गाडी कंपन्या एक होतात, फुटतात, विकल्या जातात तेव्हा चलानावरची नावं कशी बदलतात आणि त्याआधी सहा महिने लोक काय काय बोलत असतात, ते पुष्कळ ऐकलंय. त्या दिवशी घरी येऊन एक दोनशे पानी वही काढली आणि होंडा-निसानवर जो जे बोलेल ते लिहायला लागले. वही पन्नासेक दिवस चालली. त्यातून जी रीत हाती लागली ती सांगते. अशी बातमी पुन्हा येईलच. तुम्हाला गाडी घ्यायची असेल, तुमचे शेअर असतील, नाहीतर घरातलं कोणी त्या लाइनीत नोकरीला असेल, तर उपयोगी पडेल.

चौथा रकाना आधी भरा

पान आडवं धरून चार रकाने पाडा. कोण बोललं. काय बोललं. कोणत्या तारखेला. आणि चौथा, त्याचं काय अडकलंय.

चौथा रकाना सगळ्यात आधी भरायचा, माणसाने तोंड उघडायच्या आत. एकदा मत ऐकलं, आणि ते आपल्याला आवडलं, की मग त्याचं काय अडकलंय हे विचारायचं राहूनच जातं.

पहिली ओळ स्वतःची. माझी अशी: "एक ॲक्टिव्हा, होंडाचीच, नऊ वर्षं जुनी. टाटा मोटर्सचे थोडे शेअर. होंडाचा नाही, निसानचा नाही. मर्जर या शब्दाचाच राग." राग असला तर तोही लिहायचा, लपवायचा नाही. माझ्या रागाचं कारण पुढे येईल.

काकांची ओळ: "बुकिंगचे पैसे अजून दिलेले नाहीत. पार्ट मिळतील का, सर्व्हिस सेंटर टिकेल का, विकताना भाव येईल का." आयटीतल्या मुलापुढे मी "काही नाही, यूट्यूब" असं लिहिलं. तो सगळ्यात जास्त वेळ बोलला होता.

माझे धाकटे दीर जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करतात. संध्याकाळी फोनवर म्हणाले, "वहिनी, निसानला आता सोन्याचे दिवस. होंडाची इंजिनं येणार, लिहून घ्या." लिहून घेतलं. चौथ्या रकान्यात लिहिलं: "यार्डात दोन निसान सनी उभ्या, त्यातली एक मार्च महिन्यापासून." दिरांवर माझा जीव आहे, पण त्या दिवशी बोलत होत्या त्या सनी.

चाकणला एका जपानी पार्टवाल्यांकडे कामाला असलेली भाची काहीच म्हणाली नाही. "मावशी, आमच्याकडे कोणी बोलत नाहीये. साहेब लोक नुसते मेल वाचतायत." तेही लिहायचं. ज्याचं सगळ्यात जास्त अडकलेलं असतं तो बहुतेक वेळा गप्प असतो, आणि त्याचा रकाना कोरा सोडला तर वहीत उरतात फक्त मोकळ्या माणसांची मतं.

ठरलंय काय, तो नेमका शब्द उचला

एकाच बातमीवर दोन माणसं भांडतात तेव्हा बऱ्याचदा ती दोन वेगळ्या गोष्टींवर भांडत असतात. म्हणून "तुमचं मत काय" याआधी "तुमच्या मते झालंय काय" हे विचारा.

होंडा-निसानचं उदाहरण घ्या. 15 मार्च 2024 ला दोघांनी एक सामंजस्य करार केला, तो फक्त इलेक्ट्रिक गाड्या आणि सॉफ्टवेअर यांत एकत्र काम करता येईल का ते तपासायचा. ऑगस्टमध्ये ते बोलणं पुढे गेलं आणि मित्सुबिशी मोटर्सही त्यात आली. 23 डिसेंबरला टोकियोत होंडाचे तोशिहिरो मिबे, निसानचे माकोतो उचिदा आणि मित्सुबिशीचे ताकाओ कातो पत्रकारांसमोर बसले. त्या दिवशी जाहीर झालं ते असं: होंडा आणि निसान दोन्ही एका नव्या होल्डिंग कंपनीखाली आणायच्या, यावर बोलणी सुरू. अंतिम करार जून 2025 पर्यंत, नवी कंपनी शेअरबाजारात ऑगस्ट 2026 मध्ये. दोघांची मिळून विक्री 30 लाख कोटी येनच्या वर आणि धंद्यातला नफा 3 लाख कोटी येनच्या वर नेण्याचं उद्दिष्ट.

म्हणजे बोलणी सुरू करायचं ठरलं होतं. काकांच्या पोराने त्याचं "घेतली" केलं. दिरांनी "इंजिनं येणार" केलं. एका मराठी वाहिनीवर खाली पट्टी फिरत होती, तिथे लग्नच लावून दिलं होतं. लग्नाची उपमा सगळ्यांना फार सुचते. मी ती वहीत कुठेही लिहीत नाही, कारण लग्नात दोन्ही घरचा स्वयंपाक दुसऱ्या दिवशीही शिजतो. कंपन्या एक झाल्या की एक चूल बंद करायचा हिशेब असतोच, नाहीतर एक व्हायचंच कशाला?

हे चार शब्द वेगळे ओळखता आले की अर्धं काम झालं. सहकार्य म्हणजे एखादा भाग वाटून घेणं. भागीदारी म्हणजे एकमेकांचे थोडे शेअर धरणं. होल्डिंग म्हणजे दोघांच्या डोक्यावर एक छत्री. आणि उपकंपनी म्हणजे एकाच्या हाताखाली दुसरा. पुढे फेब्रुवारीत सगळं मोडलं ते तिसऱ्या शब्दावरून चौथ्यावर उडी मारताना.

खुर्ची कोणाची?

पत्रकार परिषदेत दोन्ही बाजू गोड बोलतात. त्या गोडव्याला मत समजू नका. कागदावर एकच ओळ शोधा: संचालक मंडळात बहुमत कोणाचं आणि अध्यक्ष कोण नेमणार.

23 डिसेंबरच्या कागदात ती ओळ सरळ होती. नव्या कंपनीत बहुसंख्य संचालक होंडाने सुचवलेले, अध्यक्षही होंडाने सुचवलेला. मिबे त्याच दिवशी सांगत होते की हा निसानला वाचवण्याचा कार्यक्रम नाही. बाजारभावाने होंडा निसानच्या चार-पाच पट मोठी होती. ही ओळ वाचल्यावर "बरोबरीची माणसं एकत्र येतायत" असं जो म्हणेल त्याच्यापुढे मी पेन्सिलीने एक छोटी फुली मारत गेले.

बरोबरी या शब्दाला पुण्यात आम्ही जरा आधीपासून ओळखतो. 1998 च्या मे महिन्यात जर्मनीच्या डाइमलर-बेंझने आणि अमेरिकेच्या क्रायस्लरने एक होण्याचं जाहीर केलं, 36 अब्ज डॉलरचा व्यवहार, आणि त्याला नाव दिलं बरोबरीचं विलीनीकरण. इकडे मर्सिडीज तेव्हा पिंपरीतच, टेल्कोच्या, म्हणजे पुढच्या टाटा मोटर्सच्या, आवारात जुळत असे. कंपनीचं नाव बदलून डाइमलरक्रायस्लर इंडिया झालं. आमच्याकडे शिपाई म्हणाला होता, "आता क्रायस्लर पण इथे बनणार." पाटी बदलली, बाकी काही नाही. दोन वर्षांनी डाइमलरचे प्रमुख युर्गन श्रेम्प यांनी एका मुलाखतीत जवळजवळ कबूलच केलं की बरोबरीची भाषा समोरच्याचं मन राखायला होती, क्रायस्लर हा एक विभाग व्हावा हेच मनात होतं. त्यावरून कर्क कर्कोरियन या मोठ्या भागधारकाने कोर्टात दावा लावला. 2007 मध्ये क्रायस्लरचा 80.1 टक्के हिस्सा सेर्बेरस या गुंतवणूक कंपनीला विकला गेला, आणि पुण्यातली पाटी पुन्हा मर्सिडीज-बेंझ इंडिया झाली.

लोकांच्या मताने खरोखर काही थांबलं, असं उदाहरण हवं असेल तर स्वीडनचं बघा. 1993 च्या सप्टेंबरात व्होल्वो आणि फ्रान्सची रेनॉ एक होणार असं ठरलं. रेनॉ तेव्हा सरकारी. नव्या कंपनीत फ्रेंच बाजूकडे 65 टक्के, व्होल्वोकडे 35. व्होल्वोचे प्रमुख पेअर युलेनहामर दोन दशकांहून जास्त काळ तिथे सर्वेसर्वा, त्यांचा शब्द स्वीडनमध्ये खाली पडत नसे. सुरुवातीला विरोध म्हणजे "परक्यांना देऊ नका" एवढाच होता. पण छोट्या भागधारकांच्या संघटनेने भावना बाजूला ठेवून प्रश्न विचारले: रेनॉचं खासगीकरण कधी? फ्रेंच सरकारच्या हातात तो नकाराधिकाराचा खास शेअर कशाला? उत्तरं समाधानाची येईनात. मग कंपनीतले इंजिनिअर आणि व्यवस्थापकही उघड बोलायला लागले, मोठ्या भागधारकांनी पाय मागे घेतले, आणि 2 डिसेंबर 1993 ला संचालकांनी प्रस्ताव परत घेतला. युलेनहामर राजीनामा देऊन बाहेर पडले.

पुढची गंमत अशी की त्याच व्होल्वोने 1999 मध्ये आपल्या मोटारींचा धंदा अमेरिकेच्या फोर्डला विकला, आणि असं काही वादळ उठलं नाही. म्हणजे 1993 चा राग नुसता परकेपणाचा नव्हता, अटींचा होता. विरोध ऐकला की हे वेगळं करून लिहा. "नको" एका बाजूला, "असं नको" दुसऱ्या बाजूला. दुसऱ्या प्रकारचा विरोध सौदे मोडतो. पहिला बहुतेक वेळा पेपरात येऊन विरून जातो.

भाव हेही मतच, पण कोणाचं?

बाजार माणसासारखा खोटं बोलत नाही असं दीर म्हणतात. मला तसं वाटत नाही, पण त्याचं बोलणं टिपायला सोपं असतं एवढं खरं.

18 डिसेंबर 2024 ला बोलण्यांची पहिली बातमी फुटली. त्या एका दिवसात निसानचा शेअर जवळजवळ 24 टक्के वर गेला, दिवसाची मर्यादाच तेवढी. होंडाचा तीनेक टक्के खाली आला. एकाच बातमीवर दोन उलट मतं, आणि दोन्ही बरोबर. बुडणाऱ्याच्या भागधारकाला दोर दिसला, दुसऱ्याला आपल्या गळ्यात पडणारं वजन. 24 तारखेला मात्र होंडाचा शेअर बाराएक टक्के उसळला. आमचे काका म्हणाले, "बघा, लोकांना आवडलं." थांबा. आदल्या दिवशी होंडाने स्वतःचे 1.1 लाख कोटी येनपर्यंतचे शेअर परत विकत घेण्याचंही जाहीर केलं होतं. टाळ्या त्याला होत्या.

भाव लिहिताना त्याच्या बाजूला त्या दिवशी आणखी काय जाहीर झालं ते लिहायचं, ते यासाठी. आणि बोलणी फिसकटतायत अशी बातमी 5 फेब्रुवारी 2025 ला आली तेव्हाचं पान पाहा: निसान खाली, होंडा आठेक टक्के वर. होंडाच्या भागधारकांचं खरं मत मला त्या दिवशी कळलं.

मोठ्या माणसाचं मत

23 डिसेंबरलाच निसानचे माजी प्रमुख कार्लोस गोन बैरूतहून व्हिडिओवर टोकियोतल्या परदेशी पत्रकारांशी बोलले. दोन्ही कंपन्या एकाच देशातल्या, एकाच प्रकारच्या गाड्या बनवणाऱ्या, एकमेकींची उणीव भरून काढण्यासारखं त्यांच्यात काही नाही, असा त्यांचा सूर. आमच्या ग्रुपवर ती क्लिप तीन जणांनी टाकली, "गोन साहेब बोलले म्हणजे झालं" अशा थाटात.

चौथा रकाना भरा. गोन यांना 2018 च्या नोव्हेंबरात टोकियोत अटक झाली, 2019 च्या शेवटी ते जपानमधून निसटून लेबनॉनला गेले, जपानच्या लेखी ते फरार आहेत आणि निसानशी त्यांचं हाडवैर आहे. एवढं लिहिलं म्हणजे त्यांचं मत खोटं ठरतं का? नाही. त्यांचा मुद्दा माझ्या मते बिनतोड होता. दोन दुकानांत एकच माल असेल तर दुकानं जोडून गिऱ्हाईक वाढत नाही. मत आणि माणूस दोन वेगळ्या रकान्यांत ठेवण्याचा फायदा हाच, की वैऱ्याचं बरोबर बोलणंही हातचं जात नाही.

दारावरचं मत

इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे.

निसानने मर्जरची बातमी येण्याच्या महिनाभर आधी, नोव्हेंबर 2024 मध्ये, 9,000 नोकऱ्या कमी करण्याचं आणि जगभरातली उत्पादनक्षमता पाचव्या हिश्शाने घटवण्याचं जाहीर केलं होतं. तिथल्या कामगाराला मर्जरबद्दल विचारलं आणि तो "होऊ दे" म्हणाला, तर ते पसंतीचं "होऊ दे" समजू नका. त्याचं डोकं त्याच्या कारखान्यावर असतं.

आणि कारखान्यांची आठवण लांब असते. निसानने 1966 मध्ये प्रिन्स नावाची कंपनी आपल्यात घेतली. स्कायलाइन ही गाडी मूळची प्रिन्सची. नाव इतकं चाललं की आज ती निसानचीच वाटते, जगभरात तिच्यावर जीव टाकणारी पोरं आहेत. त्याच प्रिन्सचा टोकियोजवळ मुरायामाला कारखाना होता. 1999 मध्ये रेनॉने निसानमध्ये 36.8 टक्के हिस्सा घेतला, गोन आले, त्यांनी 21,000 नोकऱ्या आणि पाच कारखाने कमी करण्याचा आराखडा मांडला, आणि त्या पाचांत मुरायामा होता. गाडीचं नाव राहिलं, जिथे ती वाढली ते दार बंद झालं. चाहत्यांचं मत आणि कामगारांचं मत एकाच रकान्यात का टाकू नये, ते यावरून कळेल. चाहत्याला नाव राहिलं तर पुरतं.

आता माझ्या रागाचं. आमचं एक मोठं गिऱ्हाईक होतं, नाव सांगत नाही. त्यांच्या मूळ कंपनीचं परदेशात दुसऱ्या एका कंपनीशी मर्जर झालं. आम्ही पेढे वाटले, कारण परचेसवाले म्हणाले होते की आता व्हॉल्यूम दुप्पट. एका सोमवारी रात्री आमचा टेम्पो 2,400 ब्रॅकेट घेऊन त्यांच्या गेटवर उभा. सिक्युरिटीने चलान पाहिलं, कॉम्प्युटरवर कोड मारला आणि परत दिलं. "मॅडम, हा व्हेंडर कोड सिस्टिमला नाही." शनिवारी रात्री सगळ्यांचे कोड बदलले होते. पार्ट तोच, डाय तीच, पण पार्ट नंबर नवा, त्यामुळे सॅम्पल पुन्हा पास करून घ्या, मग माल आत. ड्रायव्हरने दोन रात्री टेम्पोत काढल्या. जुन्या कोडावरची बिलं जुन्या सिस्टिमला अडकली, नव्याला ती दिसत नव्हती, आणि दोन्हीकडचे अकाउंटवाले एकमेकांचे नंबर देत होते. चार महिने पेमेंट नाही. आमच्या मालकांनी दिवाळीच्या महिन्यातला पगार दोन हप्त्यांत दिला. व्हॉल्यूम दुप्पट वगैरे झालं नाहीच. दोन कंपन्यांचे मिळून ब्रॅकेटवाले पाच होते, त्यांचे तीन ठेवले. आम्ही राहिलो, पण भाव पाडून.

म्हणून कोणी "मर्जरने पार्ट स्वस्त होतील" म्हटलं की मी विचारते, कोणाकडून? बचत आकाशातून पडत नाही. तुमच्या ओळखीत कोणी वर्कशॉपवाला, टूलरूमवाला, ट्रान्सपोर्टवाला असेल तर त्याला एकच प्रश्न विचारा: "पेमेंट किती दिवसांनी येतंय?" तो मताच्या भाषेत काहीच बोलणार नाही, पण दिवसांचा आकडा देईल. तो आकडा मतापेक्षा कामाचा.

सर्व्हे वाचताना

सर्व्हेचा निकाल दिसला तर टक्के नंतर बघा, आधी प्रश्न कसा विचारला ते शोधा. प्रश्न छापलेला नसेल तर पान उलटा.

मी काकांवरच करून पाहिलं. एका सकाळी विचारलं, "चिनी गाड्यांना तोंड द्यायचं तर जपानी कंपन्यांनी एकत्र यायला हवं, नाही का?" म्हणाले, "अलबत." चार दिवसांनी विचारलं, "तोट्यातल्या कंपनीचं ओझं चांगल्या कंपनीने घ्यावं का हो?" म्हणाले, "मुळीच नाही, होंडा पण बुडेल." दोन्ही उत्तरं मनापासूनची होती. दोन्ही वहीत आहेत, तारखेसकट.

तुमची भीती नेमकी कशाची, ते वेगळं काढा

काकांना मर्जरशी काही घेणंदेणं नव्हतं. त्यांना पार्ट आणि सर्व्हिस हवी होती. पण सगळ्या बातम्या मर्जरवर, म्हणून भीतीही मर्जरचीच बसली.

भारतातलं रेकॉर्ड बघितलं तर दोन गोष्टी सुट्या होतात. शेव्हरोलेची विक्री भारतात 2017 च्या शेवटी बंद झाली. ती बनवणाऱ्या जनरल मोटर्सचं तेव्हा कोणाशी मर्जर नव्हतं. तळेगावचा त्यांचा कारखाना पुढे ह्युंदाईकडे गेला. फियाटच्या गाड्या इथून गेल्या त्या 2020 च्या सुमारास, गाड्यांच्या धुराचा बीएस-6 नियम आला तेव्हा. फियाट क्रायस्लर आणि प्यूजोवाली पीएसए मिळून स्टेलांटिस झाली ती नंतर, जानेवारी 2021 मध्ये. उलट 2019 मध्ये फोक्सवॅगन ग्रुपच्या इथल्या तीन कंपन्या मिळून एक झाली, मुख्यालय पुण्यात, आणि स्कोडाची आणि फोक्सवॅगनची शोरूम आजही वेगळी आहेत. तेव्हा मर्जर झालं म्हणजे गाडी बंद असं समीकरण नाही, आणि मर्जर नाही म्हणजे गाडी सुरक्षित असंही नाही.

गाडी घेणाऱ्याने चौकशी करायची ती इथेच, आपल्या गावात. सर्व्हिस सेंटरला फोन करून बंपर आणि क्लच प्लेट किती दिवसांत मिळते ते विचारा. ती गाडी कुठे बनते आणि त्या कारखान्यात हिस्सा कोणाचा, ते शोधा. काकांच्या प्रकरणात हा दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा निघाला, ते शेवटी सांगते.

मत नुसतं बोलू नका, पोचवा

तुमच्याकडे शेअर असतील तर मत द्यायची हक्काची जागा आहे. भारतात कंपन्यांच्या विलीनीकरणाच्या किंवा विभाजनाच्या योजनेला मतदान करणाऱ्या भागधारकांचं संख्येने बहुमत आणि किमतीने तीन-चतुर्थांश पाठिंबा लागतो, मग कंपनी लवादाची मंजुरी. टाटा मोटर्सच्या ट्रक-बस आणि मोटारी वेगळ्या करण्याच्या योजनेवर 2025 च्या मे महिन्यात मतदान झालं. मेल आला होता, दोनशेच्या वर पानांचं पत्रक जोडलेलं. मी त्यातली शेअरच्या बदल्यात किती शेअर ही ओळ वाचली, कर्ज कोणत्या बाजूला जातंय ते वाचलं आणि घरबसल्या ई-व्होटिंग केलं. दहा मिनिटं लागली, त्यातली सात ओटीपी यायला.

शेअर नसतील तरी मोठ्या विलीनीकरणाची सविस्तर चौकशी भारतीय स्पर्धा आयोगाने सुरू केली की तपशील जाहीर होतात आणि ज्यांच्यावर परिणाम होणार ते लेखी हरकत देऊ शकतात. तिथे "आम्हाला बरं वाटत नाही" चालत नाही. आमच्या तालुक्यात या दोनच कंपन्यांची सर्व्हिस सेंटरं आहेत, एक झाल्या तर एकच राहील, अशा धाटणीचं लिहावं लागतं.

वही परत उघडा

13 फेब्रुवारी 2025 ला होंडा आणि निसानने बोलणी थांबवल्याचं जाहीर केलं. होंडाने मधल्या काळात छत्रीऐवजी निसानला उपकंपनी करण्याचा प्रस्ताव ठेवला होता, निसानला तो मान्य नव्हता. निसानमध्ये सुमारे 36 टक्के हिस्सा असलेल्या रेनॉनेही त्या अटी नाकबूल केल्या होत्या. मार्चमध्ये उचिदांच्या जागी इव्हान एस्पिनोसा यांचं नाव जाहीर झालं. मे महिन्यात निसानने वर्षाचा तोटा सांगितला, सुमारे 67 हजार कोटी येन, आणि नोकरकपात 9,000 वरून एकूण 20,000 वर नेली, कारखाने 17 वरून 10. जुलैत ओप्पामा या 1961 पासूनच्या कारखान्यातलं उत्पादन मार्च 2028 पर्यंत संपवणार असं सांगितलं.

बोलणी थांबल्याचं जाहीर झालं त्या दिवशी मी वही उघडून पहिल्या पानापासून तारखा लावत बसले. गोन यांचा मुद्दा टिकला होता. दिरांचं सोन्याचं भाकीत गेलं होतं, सनी दोन्ही यार्डातच. आयटीतल्या मुलाने डिसेंबरात "पक्कं झालं" म्हटलं होतं आणि फेब्रुवारीत "मी तेव्हाच म्हणालो होतो मोडणार" असं म्हणाला. तारीख दाखवली तर हसला. भाचीच्या रकान्यात अजून "गप्प" एवढंच.

काकांनी गाडी मार्चच्या पहिल्या आठवड्यात घेतली, पांढरी मॅग्नाइट. 31 मार्चला बातमी आली की चेन्नईजवळच्या ओरगडमच्या कारखान्यातला निसानचा 51 टक्के हिस्सा रेनॉ घेणार, मॅग्नाइट मात्र तिथेच बनत राहणार. पन्नास दिवस आम्ही सगळे होंडा होंडा करत होतो, आणि काकांच्या गाडीच्या कारखान्याचा मालक बदलला तो रेनॉमुळे. मी वही घेऊन खाली गेले. काका गाडी पुसत होते. मी ती ओळ वाचून दाखवली.

"म्हणजे आता काय?"

"सर्व्हिस सेंटरला बंपरचं विचारलं होतं का?"

"विचारलं होतं. आठ दिवस म्हणाले."

मी तारीख टाकून "बंपर, आठ दिवस" असं लिहून घेतलं.